काही डिस्क चालतात, काही नाही: जुन्या पीएस टूची नाडी कशी बघायची

गणपतीच्या आधी माळा साफ करायचा, हा आमच्या घरचा दरवर्षीचा नेम. यंदा मखराच्या सामानामागून एक खोकं निघालं. आत माझा जुना प्लेस्टेशन टू, दोन कंट्रोलर आणि चेनच्या पाऊचमध्ये कोंबलेल्या तेवीस डिस्क. भाचा राहायला आला होता, वय वर्षं बारा. त्याचे सगळे गेम डाउनलोड होऊन येतात. गेमची डिस्क असते हे त्याने फक्त ऐकलेलं.

"मामा, चालतं का हे अजून?"

"लावून बघू."

चाललं, पण स्वतःच्या मर्जीने. फुटबॉलचा गेम लगेच सुरू झाला. गाड्यांचा लावला तर सरळ लाल पडदा, आणि त्यावर प्लेस्टेशनची डिस्क घाला अशा अर्थाची ओळ. डिस्क तर आतच होती. तिसरी कंपनीच्या नावापर्यंत आली आणि तिथेच अडकून बसली. चौथी, जी मला सगळ्यात प्रिय, तिच्यावर नुसतीच खर्रर्र खर्रर्र.

"मेलंय," भाच्याने निकाल दिला.

मेलेलं मशीन सगळ्या डिस्कना सारखंच नाही म्हणतं. हे काहींना हो आणि काहींना नाही म्हणत होतं, म्हणजे दुखणं कुठे आहे ते सांगत होतं. पीएस टू दुरुस्त करायला बसणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. आधी स्क्रू ड्रायव्हर शोधतात. खरं तर आधी लागतं रिकामं जेवणाचं टेबल.

टेबलावर पेपर पसरला आणि भाच्याला म्हटलं, सगळ्या डिस्क उलट्या कर आणि खालच्या रंगाप्रमाणे गठ्ठे लाव. काळ्या पाठीच्या दोन: प्लेस्टेशन वनच्या, पीएस टूवर त्याही चालतात. निळसर जांभळ्या तीन: पीएस टूच्याच, पण सीडीवरच्या. चंदेरी चौदा: डीव्हीडी. त्यातल्या दोन मी बाजूला काढल्या, 'ग्रॅन टुरिस्मो ४' आणि 'गॉड ऑफ वॉर २'. त्या का, ते पुढे येईलच. उरलेल्या चार डुप्लिकेट, वर मार्कर पेनने नाव लिहिलेल्या. हो, माझा पीएस टू चिप मारलेला आहे, म्हणजे डुप्लिकेट डिस्कही चालाव्यात म्हणून आत जादा चिप बसवलेला. त्या काळात आमच्या ओळखीत चिप न मारलेला एकही नव्हता.

मग एकेक डिस्क लावून पाहिली आणि भाच्याने वहीत मांडलं. काळ्या आणि निळ्या मिळून पाच, चालली एकही नाही. साध्या चंदेरी बारा, चालल्या अकरा. बाजूला काढलेल्या दोन, दोन्ही बंद. डुप्लिकेट चार, चालली एक. स्क्रूला हातही न लावता निम्मं निदान इथेच झालं होतं. ते कसं, हे कळायला आधी डिस्क म्हणजे काय ते बघावं लागेल.

एक डोळा, दोन दिवे

डिस्कवर जे लिहिलेलं असतं ते गोल गोल फिरत जाणाऱ्या एका लांबलचक रेषेत, आतल्या कड्यापासून बाहेरच्या काठापर्यंत. उदबत्तीच्या कॉइलसारखी ती रेषा असते. या रेषेत बारीक खड्डे असतात. लेझरचा ठिपका खालून त्या रेषेवर फिरतो; सपाट जागेवरून प्रकाश नीट परत येतो, खड्ड्यावरून कमी येतो, आणि या कमी-जास्तीतून मशीन माहिती वाचतं. सीडीवरची रेषा उलगडून सरळ केली तर सव्वापाच किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे सीएसएमटीहून निघाल्यावर भायखळा मागे पडतं. डीव्हीडीची त्याच्या दुपटीहून जास्त. चर्चगेटहून निघालात तर दादर ओलांडून जाल. चकतीचा आकार मात्र दोघींचा तोच, १२ सेंटिमीटर.

तेवढ्याच जागेत दुप्पट लांबी बसवायची तर ओळी दाटीने लागणार. सीडीवर दोन ओळींमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीवर ०.७४. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर एका केसाखाली सीडीच्या चाळीसेक ओळी झाकल्या जातात आणि डीव्हीडीच्या नव्वदच्या वर. इतकं बारीक वाचायला ठिपकाही बारीक लागतो. गोणपाट शिवायच्या दाभणाने जरीकाम होत नाही. म्हणून सीडीसाठी वेगळा लेझर आणि डीव्हीडीसाठी वेगळा. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त, डोळ्याला जवळजवळ न दिसणारा. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल.

प्लेस्टेशन वनची काळी डिस्क याच कारणाने चालते. ती आपल्याला काळी दिसते, पण अवरक्त प्रकाशाला ते प्लास्टिक काचेसारखं आरपार आहे. लहानपणी आम्ही 'काळी म्हणजे ओरिजिनल' एवढंच शिकलो होतो.

पीएस टूमध्ये हे दोन्ही लेझर एकाच छोट्या ठोकळ्यात बसवलेले असतात आणि दोघांपुढे भिंग एकच. दुकानात या अख्ख्या ठोकळ्याला 'लेन्स' म्हणतात; 'लेन्स गेली' म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक वेळा आतला एखादा लेझर थकलेला असतो, भिंग जागेवर असतं. आता भाच्याची वही पुन्हा बघा. काळ्या आणि निळ्या, सगळ्या सीडी, एकही चालत नाही. साध्या डीव्हीडी जवळजवळ सगळ्या चालतात. मोटर फिरते, भिंग हलतं, सर्किट जिवंत आहे, नाहीतर डीव्हीडी चाललीच नसती. संशय उरला तो फक्त सीडीच्या लेझरवर. उलट झालं असतं, सीडी चालताहेत आणि डीव्हीडी नाहीत, तर लाल लेझरवर संशय घ्यायचा. एकही डिस्क फिरतच नसेल तर आधी झाकण बंद झाल्याचं कळवणारं बटण बघावं. स्लिममध्ये, म्हणजे पीएस टूच्या नंतरच्या पातळ मॉडेलमध्ये, ते झाकणाखाली असतं आणि धुळीने किंवा झिजेने दगा देतं.

त्या दोन डिस्क

'ग्रॅन टुरिस्मो ४' आणि 'गॉड ऑफ वॉर २' या दोन थरांच्या डीव्हीडी आहेत. एका थरात ४.७ जीबी मावतात. या गेमना ते पुरलं नाही, म्हणून वर दुसरा थर, मिळून ८.५ जीबी. दुसऱ्या थरापर्यंत प्रकाश पोचायचा तर पहिला थर अर्धवट पारदर्शक हवा. तो सगळा प्रकाश परत पाठवू शकत नाही. साध्या डीव्हीडीवरून ४५ ते ८५ टक्के प्रकाश परत येतो, दोन थरांच्या डिस्कवरून फक्त १८ ते ३० टक्के. सीडी या बाबतीत सगळ्यात उदार, ७० टक्क्यांच्या वर.

भिंगावर धूळ किंवा ओशट थर असेल तर प्रकाश तिथून दोनदा जातो, जाताना एकदा आणि येताना एकदा. दोन्ही वेळा थोडा थोडा खाल्ला जातो. साधी डीव्हीडी हा तोटा सोसते. दोन थरांच्या डिस्ककडे मुळातच शिल्लक कमी, तिचं दिवाळं निघतं. शिवाय डीव्हीडी वाचताना भिंगाला डिस्कपासूनचं अंतर सुमारे एका मायक्रॉनच्या आत सांभाळावं लागतं. सीडीला त्याच्या दुप्पट मुभा. म्हणून साध्या डीव्हीडी चालत असताना फक्त दोन थरांच्या बंद पडल्या तर पहिला संशय अस्वच्छ भिंगाचा, म्हणजे जवळजवळ फुकटात बरा होणारा आजार.

डुप्लिकेटचंही दुखणं याच जातीचं. घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, रंगाच्या थरावर लेझरने पाडलेले डाग असतात. तो रंग उन्हाने आणि दमट हवेने विटतो. चारपैकी एक चालणं म्हणजे खरं तर चांगलाच निकाल. 'डुप्लिकेट सीडीने लेन्स जाते' हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळायचं. माझ्या मते ते अर्धं खरं आहे. डिस्क लेझरला जाळत नाही, पण नीट वाचता येत नाही म्हणून मशीन तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि भिंग हलवणाऱ्या कॉइलला जास्त मेहनत पडते.

भाजीवालीचा क्यूआर

राहिली ती बारावी चंदेरी डिस्क, कंपनीच्या नावापाशी अडकणारी. तीन वेळा लावली, तिन्ही वेळा तिथेच अडकली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दर वेळी त्याच जागी अडकते तर खोट डिस्कमध्ये. कधी इथे, कधी तिथे तर मशीनमध्ये.

गंमत म्हणजे या डिस्कवर ओरखडे फारसे नव्हते. जी फुटबॉलची डिस्क सुरळीत चालत होती ती मांजराने नखं मारल्यासारखी दिसत होती. भाच्याला हे पटेना. त्याला म्हटलं, खाली भाजीवाली बसते तिच्या पेमेंटच्या क्यूआरचा कोपरा फाटलाय, त्यावर हळदीचा डाग आहे, तरी पैसे जातात की नाही?

"जातात."

तेच गणित इथे आहे. १९६० साली आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोघांनी एक पद्धत मांडली: मजकुराबरोबर हिशेबाचे थोडे जादा आकडे लिहून ठेवायचे, म्हणजे मधलं काही पुसलं तरी उरलेल्यावरून ते परत काढता येतं. १९८२ साली बाजारात आलेली सीडी या गणितावर उभी आहे, डीव्हीडीही, आणि क्यूआर कोडही. शिवाय सीडीवर सलग माहिती सलग जागी लिहीत नाहीत, पिसून लिहितात. 'गणपती बाप्पा मोरया' यातली 'मोरया' ही सलग तीन अक्षरं उडाली तर उरलेल्या 'गणपती बाप्पा'वरून पुढे काय होतं ते नवख्याला कळणार नाही. पण अक्षरं पिसून ठेवलेली असली तर तेवढंच नुकसान 'ग-पती बा-पा मो-या' असं विखरून पडतं, आणि ते कोणीही वाचतो. या जोरावर सीडीच्या रेषेतला जवळपास अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा गेला तरी मशीन तो भरून काढू शकतं.

मात्र ओरखडा कुठल्या दिशेचा आहे त्यावर सगळं ठरतं. मधून काठाकडे जाणारा ओरखडा म्हणजे रेल्वेचं फाटक. रस्ता रुळांना आडवा छेदून जातो, प्रत्येक रुळाची हातभर जागाच अडते. गोल फिरणारा ओरखडा म्हणजे कुर्ला ते सायन रुळांवर साचलेलं पाणी, ज्या रुळावर आलं तो लांबपर्यंत बंद. म्हणून डिस्क पुसताना गोल गोल फिरवून पुसू नये, मधून बाहेर सरळ पुसावी. शर्टाच्या टोकाला डिस्क गोल घासण्याची आपली जी सवय आहे, तिने किती डिस्क मारल्या असतील देव जाणे. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, बोटाने हलकेच, मग मऊ सुती कपड्याने टिपून घ्यायचं. टूथपेस्टचा उपाय खोटा नाही; तिच्यातली बारीक भुकटी प्लास्टिक घासून उथळ ओरखड्याच्या कडा बोथट करते. पण तिने नवे ओरखडेही पडतात. जी डिस्क तशीही चालत नाही तिच्यावरच प्रयोग करावा.

सीडीच्या बाबतीत खरी नाजूक बाजू वरची, चित्राची. आपण खालच्या बाजूला जपतो, तिथे १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं चिलखत आहे. वर चकाकणाऱ्या ॲल्युमिनियमवर फक्त लाखेचा पातळ थर आणि छपाई. तिथे नख लागलं, किंवा चिकटवलेलं लेबल उपटलं, की माहितीच सोलून निघते. डीव्हीडीत हा थर दोन ०.६ मिलिमीटरच्या चकत्यांच्या मधोमध असतो, सँडविचमधल्या चटणीसारखा, म्हणून ती वरून सुरक्षित असते. पण दोन चकत्यांचा जोड काठाशी उघडला तर दमट हवा आत शिरते आणि ॲल्युमिनियमला खाते.

आमची बारावी डिस्क ट्यूबलाइटसमोर धरली. आतल्या कड्याजवळ सुईने टोचल्यासारखी पाच-सहा भोकं, त्यातून उजेड दिसत होता. तिथे धातू उरलाच नव्हता. अशा डिस्कला औषध नाही.

आता स्क्रू ड्रायव्हर

उघडण्याआधी एक बिनखर्चाचा प्रयोग. डिस्क न घालता मशीन चालू करून सुरुवातीच्या मेनूत ट्रँगल दाबा, 'कन्सोल'वर जाऊन पुन्हा ट्रँगल, आणि 'डायग्नोसिस' ऑन करा. मग मशीन डिस्क घेताना स्वतःला जरा जास्त जुळवून घेतं. माझ्या बाबतीत फरक पडला नाही. काठावर असलेल्या मशीनला पडू शकतो.

तुमच्याकडे स्लिम असेल तर बरंच काम वाचलं. झाकण उघडलं की भिंग समोरच असतं, एकही स्क्रू न काढता पुसता येतं. फॅट, म्हणजे आधीचं जाड मॉडेल, असेल तर प्लग काढून ठेवा, आणि तो नुसता स्विचवर बंद करून भागत नाही. पॉवर सप्लाय आतच आहे. खालच्या टोप्या उचकटून स्क्रू काढले की वरचं कवच उचलावंसं वाटतं. थांबा. समोरच्या पॉवर आणि इजेक्टच्या बटणांपासून आत एक कागदासारखी पातळ पट्टी जाते. कवच झटक्यात उचललं की ती फाटते, आणि मग डिस्क राहिली बाजूला, मशीन चालूच होत नाही. कवच हळूच पुढे सरकवून आधी ती पट्टी मोकळी करायची. ड्राइव्हवरचं पत्र्याचं झाकण चार स्क्रूंचं.

झाकण काढून मशीन चालवायचा मोह होतो, भिंग कसं वरखाली होतं ते बघायला. सीडीचा किरण डोळ्याला दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी नसतो. भिंगावर वाकून बघू नये, आणि मुलं जवळ असतील तर झाकणाशिवाय चालवूच नये.

भिंग पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, जितकं शुद्ध तितकं बरं. लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांच्या कुठल्याही दुकानात 'आयपीए' म्हटलं की बाटली पुढे येते. अत्तर, डिओ, काचा पुसायचा निळा स्प्रे, काही नको. नेलपॉलिश काढायचं पाणी तर मुळीच नको; भिंग प्लास्टिकचं असतं, एका पुसण्यात दुधाळ होऊन बसतं. कान साफ करायच्या काडीचं टोक ओलं करायचं, थेंब टपकेल इतकं नाही, आणि भिंगावर नुसतं टेकवून फिरवायचं. भिंग केसासारख्या तारांवर तरंगत असतं, बोट लागलं तर हलतं. हललं तर घाबरायचं नाही, दाबलं तर मात्र घाबरायचं.

भाच्याने पहिली काडी फिरवली आणि वर धरली. टोक पिवळसर.

"हे काय आहे?"

सांगायला वेळ लागला नाही. जुन्या घरी टीव्हीच्या वर देव्हारा होता आणि डाव्या हाताला स्वयंपाकघर. फॅटचा पंखा सतत हवा ओढून मशीनमधून बाहेर फेकतो. त्या हवेबरोबर कित्येक वर्षांची उदबत्ती, धूप आणि फोडणी भिंगावर येऊन बसली होती. तीन काड्या लागल्या. चौथी पांढरी निघाली.

लेझरचा ठोकळा दोन दांड्यांवर मागेपुढे सरकतो. त्या दांड्यांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं असेल तर गेम सुरू होतो पण पुढे मधल्या व्हिडिओंना अडखळतो, कधी इथे, कधी तिथे. जुनं पुसून पांढऱ्या ग्रीसचं बोट फिरवायचं. शिवणयंत्राचं तेल घरात असतंच म्हणून घालू नये. ते पातळ असतं, ओघळतं आणि धुळीला आमंत्रण देतं.

सगळं बसवून 'ग्रॅन टुरिस्मो ४' लावला. पडदा काळा, मग आवाज, मग गाड्या. 'गॉड ऑफ वॉर २'ही चालला. डुप्लिकेटपैकी आणखी एक जागी झाली. काळ्या-निळ्या पाच मात्र तशाच गप्प.

फिरवलेला स्क्रू

ड्राइव्ह पुन्हा उघडून लेझरचा ठोकळा उलटा केला तेव्हा खोकं माळ्यावर का गेलं होतं ते आठवलं. ठोकळ्याला लागून दोन इवल्याशा फिरक्या असतात, मोहरीच्या दाण्याहून जरा मोठ्या. एक सीडीच्या लेझरची ताकद ठरवते, दुसरी डीव्हीडीच्या. सीडीच्या फिरकीवर स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्याच्या खुणा होत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी निळ्या डिस्क कुरकुरायला लागल्या म्हणून मी हे मशीन एका दुकानात दिलं होतं. पाच मिनिटांत परत मिळालं. सगळं चालू, पैसेही कमी. मी खूश. महिन्याभरात सीडी कायमच्या बंद पडल्या.

झालं असं असणार: थकलेल्या लेझरची ताकद फिरकीने वाढवली, तो काही दिवस जोरात चालला आणि विझला. लेझर डायोड वापराने मंद होत जातो; त्याच्यातून जास्त करंट सोडला की प्रकाश वाढतो आणि आयुष्य घटतं. फिरकीला हात लावणं हे पाप आहे असं नाही. पण ते शेवटचं औषध आहे, भिंग पुसून, ग्रीस बदलून काही झालं नाही तर घ्यायचं. आधी मल्टिमीटरने तिचा रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवायचा, मग केसभर फिरवून बघायचं. माझ्या मशीनचं भिंग तेव्हा कोणी पुसलंही नव्हतं, हे त्या पिवळ्या काडीवरून आता कळलं. फॅटमध्ये लेझरचा कल ठरवणारं एक पांढरं दातेरी चाकही असतं. त्यालाही उगाच हात लावू नये, लावायचाच तर आधी मूळ जागेवर मार्करने खूण करावी.

राहिला उपाय नव्या लेझरचा. पीएस टू २००० साली जपानमध्ये आला आणि २०१३ उजाडता उजाडता त्याचं उत्पादन थांबलं. तोवर १५ कोटींहून जास्त नग गेले होते, म्हणून त्याचे लेझर अजून मिळतात. शनिवारी भाच्याला घेऊन ग्रँट रोडला उतरलो. जुना लेझर खिशात रुमालात गुंडाळून नेला होता आणि ते बरं केलं. "दादा, नंबर सांगा," दुकानदाराचा पहिला प्रश्न. बऱ्याच फॅटच्या लेझरवर केएचएस-४०० आणि पुढे बी, सी किंवा आर असं अक्षर असतं. स्लिमचा लेझर वेगळाच. दिसायला सारखा म्हणून आणलेला बसेलच असं नाही.

बऱ्याच नव्या लेझरवर सोल्डरचा एक ठिपका मुद्दाम टाकलेला असतो, अंगातल्या स्थिर विजेने डायोड जळू नये म्हणून. बसवल्यावर तो ठिपका काढायचा असतो. राहिला तर नवा लेझरही मेल्यासारखा पडून राहतो आणि आपण दुकानदाराला शिव्या घालतो.

अमेरिकेहून कोणी आणलेला पीएस टू इथल्या डिस्क घेत नसेल तर मात्र यातलं काहीच करू नका. मशीन आणि डिस्क जगाच्या ठरावीक विभागांसाठी बनतात; इथे विकल्या गेलेल्या बहुतेक डिस्क पॅल नावाच्या विभागाच्या, ते मशीन दुसऱ्या विभागाचं. लेझर ठणठणीत असूनही ते नकारच देणार. आणि पावसाळ्यात एसीच्या खोलीतून मशीन बाहेरच्या दमट हवेत आणलं तर लगेच लावू नका. चष्म्यावर धरतो तशी वाफ भिंगावरही धरते. तास-दोन तासांनी तेच मशीन मुकाट चालतं.

लेझर बसवून रविवारी दुपारी काळी डिस्क आत घातली. प्लेस्टेशन वनचं जुनं चिन्ह उमटलं, तो आवाज आला, आणि आतून बहीण म्हणाली, "हे अजून आहे?" निळ्या तिन्ही चालल्या. वहीत आता वीस बरोबरच्या खुणा आहेत. दोन डुप्लिकेट उरल्या, त्या फेकल्या.

आणि ती भोकं पडलेली तेविसावी भाच्याने दोरा ओवून बाल्कनीच्या ग्रिलला टांगली आहे, कबुतरं पळवायला. कबुतरं तिच्या शेजारीच बसतात.